चार पार्क, सहा दिवस आणि दापोडीचे बाबा

पहिला दिवस, सोमवार ७ जुलै २०२५

आदल्या दिवशी आषाढी एकादशी झाली होती, बाबांचा उपास, त्यामुळे सकाळी आधी गरम वरणभात आणि मगच गाडी काढायची असं ठरलेलं, तरी साडेनऊला आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमधून निघालो. आम्ही म्हणजे मी, माझा १५ वर्षांचा मुलगा आणि माझे वडील. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपला होते, बॉडी शॉपमध्ये, ३४ वर्षं. रिटायर होऊन १३ वर्षं झाली पण अजून कुठलीही बस उभी दिसली की आधी वाकून खाली बघतात. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. मुलाला आणि मला रोलरकोस्टरचं वेड आहे, सुट्टी लागली की आम्ही पार्कांचे नकाशे काढून बसतो, आणि यंदा म्हटलं आजोबांना घेऊनच फिरायचं. न्यू जर्सीतलं आमचं घरचं पार्क, मग पेनसिल्व्हेनियात दोन, शेवटी ओहायोतलं सीडर पॉइंट.

पहिला मुक्काम जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर. २०१९ ला बाबा पहिल्यांदा आले होते तेव्हा हायवेवरूनच झाडांच्या वर 'किंगडा का' दिसायला लागला होता. ४५६ फूट, तेव्हा जगातला सगळ्यात उंच कोस्टर. बाबा त्यात बसले नव्हते पण समोरच्या बाकावर तासभर बसून नुसतं लाँच बघत होते. ट्रॅकच्या मधोमध खाच, खाचेत केबलला जोडलेला ठोकळा, तो ट्रेनला खालून धरतो आणि हायड्रॉलिक मोटर्स ती केबल खेचतात, साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल. मधेच एखादी ट्रेन टोकाला पोचायला जराशी कमी पडते आणि मागे घसरत येते, म्हणून लाँच झाल्या झाल्या ट्रॅकमधल्या ब्रेकच्या पट्ट्या वर उठतात. हे बाबांनी स्वतः बघून ओळखलं होतं, मी नव्हतं सांगितलं. मुलगा तेव्हा ९ वर्षांचा, त्याला आजोबांनी वहीत चित्र काढून दाखवलेलं, ती वही आमच्याकडे आहे अजून.

यंदा झाडांच्या वर काहीच नव्हतं. गाडीत कोणी बोललंच नाही बराच वेळ. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की 'किंगडा का' बंद, आणि जाहीर कधी केलं तर त्याचा शेवटचा दिवस होऊन गेल्यावर, म्हणजे ज्यांना एक शेवटची फेरी मारायची होती त्यांना ती मिळालीच नाही. २८ फेब्रुवारीला सकाळी स्फोटकं लावून मनोरा पाडला, २० वर्षांचा होता फक्त.

आता यावर आमच्या कोस्टरवेड्या मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतात हायड्रॉलिक लाँच म्हणजे केबल, मोटर्स, सगळंच खर्चिक, बंद राहण्याचं प्रमाण जास्त, त्यापेक्षा पाडून नवीन काढलेलं बरं. दुसरे म्हणतात लाँच बदला ना, मनोरा कशाला पाडताय. मी दुसऱ्यांतली आहे आणि मला हे मनापासून वाटतं, कारण ज्या ओहायोला आम्ही चाललो होतो तिथे नेमकं हेच करून दाखवलंय, त्याबद्दल पुढे लिहितेच.

बाकी दिवस छान गेला. एल टोरो लाकडी असून फॅक्टरीत मापाने कापून आणलेल्या ट्रॅकचा आहे, १८१ फूट, पहिला उतार ७६ अंशांचा, मागच्या सीटवर बसलं की माणूस सीटवर राहतच नाही. मग मेडुसा. ही १९९९ ची, जगातली पहिली फ्लोअरलेस, पायाखाली डब्याचा तळच नाही. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो पण याच जातीची आणि याच स्विस कंपनीची, बॉलिगर अँड मॅबिलार्डची, आणि गंमत बघा, इथेही नायट्रो नावाची राइड आहे, त्याच कंपनीची पण अगदी वेगळी, २३० फुटांची, एकही उलटा वळसा नसलेली. इमॅजिका २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणींकडे आहे हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग नीट चालवतील, माणसं गावातली आहेत, रोज जाऊन बघता येतं."

हे वाक्य मी डोक्यात ठेवलं.

दुसरा दिवस, मंगळवार ८ जुलै

सकाळी सहाला निघालो. आय-८० वरून डॅनव्हिल, तिथून डोंगराडोंगरातून एलिसबर्ग. रस्ता इतका हिरवा आहे की बाबा म्हणाले मुळशीकडे चाललोय असं वाटतंय.

नोबेल्स. लिहिते मी असं, पण उच्चारात सुरुवातीचा के पण म्हणायचा, क्नोबेल्स, तिथले लोक तसंच म्हणतात. १९२६ पासून एकाच घराण्याकडे आहे, २०२६ म्हणजे शंभर वर्षं. गाडी लावली, पार्किंगचे पैसे नाहीत. चालायला लागलो तर बाबा विचारतायत गेट कुठाय, तिकीट खिडकी कुठाय. गेट नाहीच. झाडांतून चालत चालत तुम्ही आपोआप पार्कात असता. ज्या राइडला बसायचं त्याची तिकिटं द्यायची, पुस्तक विकत घ्यायचं आणि त्यातून फाडून द्यायची. ज्याला नुसतं बसून नातवंडं बघायचीयत त्याला एक पैसा लागत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या पार्कांत बाबांसाठी मी पूर्ण तिकीट काढते आणि ते बाकावर बसतात, बसतात आनंदाने, पण आत जायला पैसे मोजलेत म्हणून त्यांच्याच मनाला ते खात असतं. इथे पहिल्या अर्ध्या तासातच ते मोकळे झाले. कुत्री घेऊन आलेली माणसं, डबा घेऊन आलेली कुटुंबं, आम्हीपण धपाटे आणि चटणी काढून टेबलावर बसलो, कोणी हटकलं नाही.

पहिलं ग्रँड करूसेल. १९१३ चं, लाकडी घोडे हाताने कोरलेले, चार्ल्स कार्मेल नावाच्या कारागिराचे, एकूण ६३. बाहेरच्या रांगेतले घोडे वरखाली होत नाहीत, उभेच असतात, कारण तिथे बसणाऱ्याला एक काम असतं. बाजूला एक लोखंडी हात पुढे आलेला आहे, त्याच्या टोकाला कडी. घोडा जवळ आला की वाकून, बोट अडकवून ती कडी ओढायची, लगेच मागची कडी पुढे सरकते. सगळ्या कड्या लोखंडाच्या आणि एकच पितळेची. पितळेची ज्याला मिळेल त्याला पुढची फेरी फुकट. बाबांनी पहिल्या फेरीत नुसतं बघितलं. दुसऱ्या फेरीत उजवा हात लांब केला, हुकली. तिसऱ्यात बोट बरोबर बसलं आणि खट्ट असा आवाज आला, मग पुढे एकही सोडली नाही, बोटांत चार लोखंडी कड्या अडकवून खाली उतरले. पितळेची कडी पुढच्या घोड्यावरच्या लहान मुलीला मिळाली, बाबांनी टाळ्या वाजवल्या. बोटाला लाल वळ उठला होता, तो दिवसभर सारखे बघत होते.

मग फिनिक्स. ज्याच्यासाठी मी खरं तर ही सगळी ट्रिप आखली. हा कोस्टर १९४७ मध्ये टेक्सासात सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये बांधला, तेव्हा नाव रॉकेट. १९८० मध्ये ते पार्क बंद पडलं. बंद पार्कातला लाकडी कोस्टर म्हणजे सरपण, बहुतेकांचं तेच झालंय. नोबेल्सवाल्यांनी तो उतरवला, लाकडांना नंबर टाकत टाकत ट्रकांवर चढवला, अर्धा देश ओलांडून इथे आणला आणि १९८५ ला परत उभा केला. आज जगातल्या सगळ्यात चांगल्या लाकडी कोस्टरांची यादी निघाली की हा वरच असतो, किती तरी वेळा पहिला आलाय, आणि उंची किती, तर ७८ फूट. आमच्या एडिसनच्या आसपासच्या पार्कांत याच्या दुपटीहून उंच पडलेत.

बाबा कुंपणापाशी उभे राहून ट्रॅक बघत होते. जुनी रंगवलेली लाकडं आणि मधेच कोऱ्या, पिवळट फळ्यांचे तुकडे. लाकडी ट्रॅक म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक आणि वर लोखंडी पट्टी, दर हिवाळ्यात थोडा थोडा भाग काढून नवीन घालतात. मुलगा म्हणाला, "आजोबा, मग आता जुनं लाकूड राहिलंय किती?" बाबा म्हणाले, "फार नसेल रे. आपल्या गावच्या घराचं पण तेच आहे, वासे बदलले, कौलं बदलली, आता माडी पण नवीन आहे, तरी तू त्याला पणजोबांचं घरच म्हणतोस ना."

आणि मग म्हणाले मी बसतो. मी काही आग्रह केला नव्हता. बीपी नॉर्मल, पाठीचं काही नाही, गेटवरच्या पोराने पण बघून घेतलं. दोघांत मिळून एकच आडवी दांडी मांडीवर येते, ती पण सैलच. सुटल्या सुटल्या आधी काळोखा बोगदा, त्यात वळसा, मग चेन धरते आणि टक टक टक टक करत वर. बाबा माझ्या कानात म्हणाले, "रॅचेट आहे, चेन तुटली तरी मागे जाणार नाही." त्यानंतर मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही कारण ते ओरडत होते. शेवटच्या टेकड्यांवर तर प्रत्येक चढाच्या माथ्यावर आम्ही सीटवरून उठतो आणि दांडीला अडकतो, उठतो आणि अडकतो. खाली उतरल्यावर बाबांचे केस सगळे उभे. एवढंच म्हणाले, "ग्रीस चांगलं आहे. कुठे कुरकुर नाही."

नंतर ट्विस्टर बघितली. डेन्व्हरच्या एलिच गार्डन्समधली मिस्टर ट्विस्टर यांना तशीच आणायची होती, ते जमलं नाही म्हणून तिच्या आराखड्यावरून १९९९ मध्ये नवीन बांधली. आणि फ्लाइंग टर्न्स, ज्यात रूळच नाहीत, लाकडी पन्हाळीतून डबा घरंगळत येतो. असली राइड जगात कुठे शिल्लक नव्हती, यांनी २००६ ला बांधायला घेतली आणि २०१३ ला उघडली. सात वर्षं! चाकं बदलली, डबे बदलले, जमेना तर परत केलं. कुठल्या शेअर बाजारातल्या कंपनीने एवढा दम धरला असता? पुढच्या तिमाहीचे आकडे दाखवायचे असतात त्यांना. घरचं पार्क असलं की असं करता येतं, म्हणून मी नोबेल्सच्या इतकी प्रेमात आहे.

संध्याकाळी पिएरोगी खाल्ल्या, बटाटा भरलेली उकडीची करंजीच ती, वर बटर आणि कांदा. तिकिटांच्या पुस्तकातली काही तिकिटं उरली, ती बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

तिसरा दिवस, बुधवार ९ जुलै

नुसता प्रवास. पिट्सबर्गला दुपारी पोचलो, पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात गेलो, टेकडीवर पांढरंशुभ्र गोपुर. कँटीनमध्ये चिंचेचा भात आणि दहीभात. बाबा दोन ताटं जेवले. मोटेलचा एसी रात्रभर भांडी घासल्यासारखा वाजत होता, काउंटरवर दोनदा सांगूनही कोणी आलं नाही, शेवटी खोली बदलून घेतली तेव्हा झोप लागली.

चौथा दिवस, गुरुवार १० जुलै

गुरुपौर्णिमा. मुलाने सकाळी आजोबांना वाकून नमस्कार केला आणि वर म्हणाला, "आज मी तुमचा गाइड." त्याने खरंच तयारी केली होती, सगळ्या राइडची सालं पाठ.

केनीवूड १८९८ चं. ट्रामच्या कंपनीने काढलेलं, म्हणजे रविवारीपण लोकांनी ट्रामने फिरावं म्हणून लाइनच्या शेवटी बाग केली, त्या काळात अमेरिकेत अशी पुष्कळ पार्कं होती, थोडीच उरलीत. हे १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पार्कच्या कड्यावरून खाली मोनाँगाहेला नदी आणि पलीकडे ब्रॅडॉकचा पोलादाचा कारखाना, अजून चालू, चिमण्यांतून वाफ निघतेय. बाबा तिथे खूप वेळ उभे होते. आमच्या मागे चेनचा आवाज, समोर कारखान्याचा.

इथे तीन लाकडी कोस्टर आहेत आणि तिन्ही मिळून वयं तीनशेच्या वर. जॅक रॅबिट १९२० ची. जमीन जशी आहे तशी वापरलीय, दरीतच उतरवलीय, म्हणून कमी लाकडात मोठा उतार मिळाला. तिचा डबल डिप म्हणजे एक उतार संपतोय म्हणेपर्यंत दुसरा, तिथे मागच्या डब्यातला माणूस हवेत जातो. १०५ वर्षांची राइड आणि आजच्या पोरांना किंकाळ्या मारायला लावते. रेसर १९२७ ची, दोन ट्रेन शेजारी शेजारी पळतात, पण ट्रॅक खरा एकच आहे, स्वतःतच पीळ घालून जोडलेला, त्यामुळे डाव्या फलाटावरून सुटलेली गाडी उजव्या फलाटावर परत येते. बाबांना हे आधी पटलं नाही. मग दोन्ही बाजूंनी एकेक फेरी मारली, उतरल्यावर खिशातून पेन काढून नॅपकिनवर तो आकार काढला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला.

थंडरबोल्ट तर मला सगळ्यात आवडते. सुटल्या सुटल्या आधी दरीत उडी आणि चेनचा चढ मध्ये कुठेतरी. एकट्याला बसू देत नाहीत, दोघंच हवेत. ही १९२४ ची पिपिन होती, १९६८ मध्ये तिचे दरीतले जुने उतार ठेवून वरचा भाग नवीन बांधला. आणि २००१ मध्ये शेजारी फँटम्स रिव्हेंज आली, स्टीलची, ताशी ८५ मैल, तिचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा, सव्वादोनशे फुटांच्या वर, आणि तो जातो थेट थंडरबोल्टच्या लाकडांच्या मधून. जुनं न हलवता त्याच्यातूनच वाट काढली. असं एक्स्पान्शन बघितलं की मला आतून बरं वाटतं.

केनीवूडचे मालक २००७ नंतर स्पेनची कंपनी होती, यंदाच हर्शेंडने घेतलं, डॉलीवूड नावाचं पार्क चालवणारे. रांगेत एक बाई भेटल्या, साठीच्या असतील, लहानपणापासून शाळेच्या पिकनिकला इथे येणाऱ्या. त्यांचं म्हणणं की हर्शेंडकडे पार्कांची स्वच्छता आणि जेवण चांगलं असतं, फक्त इथलं जुनं ते जुनं राहू द्यावं, आणि पोटॅटो पॅचच्या फ्राइजना हात लावू नये. फ्राइज मी खाल्ल्या, हात लावू नयेच. नवीन मालकाबद्दल लोक आशेने बोलतायत हे ऐकून बरं वाटलं, नाहीतर गेलं वर्षभर आमच्या गप्पांत मालक बदलणे म्हणजे वाईट बातमी असंच झालंय.

पाचवा दिवस, शुक्रवार ११ जुलै

सँडस्की. ईरी तलावात घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर १८७० पासूनचं सीडर पॉइंट. पाण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी आली की समोर क्षितिजावर नुसते ट्रॅक. मुलाने काच खाली केली आणि डावीकडून उजवीकडे नावं म्हणत गेला, एकही चुकला नाही.

आता हे पार्क आणि जॅक्सनचं पार्क एकाच मालकाची आहेत. १ जुलै २०२४ ला सीडर पॉइंटची कंपनी सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज एक झाल्या. त्यानंतर काय काय झालं बघा: 'किंगडा का' गेला, मेरीलँडचं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका नोव्हेंबर २०२५ मध्ये कायमचं बंद होणार असं जाहीर झालं, आणि यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक पार्कला जो स्वतंत्र प्रेसिडेंट असायचा ते पदच काढून टाकलं, वरून एकेक माणूस भागाभागाची पार्कं बघणार असं ठरलं. बाबांना हे समजावलं तर ते चालता चालता थांबलेच. "म्हणजे डेपोला डेपो मॅनेजरच नाही?" मी म्हटलं हो, विभागातून चालवणार. "मग सकाळी सहाची गाडी सुटली नाही तर विचारायचं कोणाला?"

मला वाटतं या विषयावर मी आजवर जेवढं वाचलंय त्यात एवढा नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या पार्कात, नाव घेत नाही, आम्ही शनिवारी दोन तास दहा मिनिटं एका रांगेत उभे होतो, एकच ट्रेन चालू, दुसरी चांगली धडधाकट ट्रेन बाजूच्या रुळावर उभी दिसतेय, आणि का लावत नाही हे सांगायला कोणी नाही, ट्रेन सोडायला दर वेळी चार चार मिनिटं. मुलं रडत होती, म्हातारी माणसं जमिनीवर बसली होती. गाड्या डेपोत आणि माणसं स्टँडवर. नवीन राइडची जाहिरात गेटवर केवढी मोठी होती! ऑपरेशन्सना माणसं द्या, आहेत त्या ट्रेन लावा, मग नवीन काढा, हे आम्ही सगळे फॅन वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय.

पण सीडर पॉइंटच्या जुन्या लोकांनी जे करून ठेवलंय ते बघून मी परत सुखावले. स्टील व्हेंजन्स. इथे १९९१ पासून मीन स्ट्रीक नावाचा अवाढव्य लाकडी कोस्टर होता, बसलं की हाडं खिळखिळी व्हायची म्हणून लोक टाळायचे. पाडला नाही. आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनने लाकडी सांगाडा ठेवून वर स्टीलचा ट्रॅक बसवला, २०१८ ला उघडला, २०५ फूट, मैलाहून जास्त लांबी, चार वेळा उलटा. सुरुवातीला रांगेतसुद्धा फोन नेऊ देत नव्हते, आणि बसल्यावर कळतं का ते, इतक्या वेळा माणूस हवेत असतो. मी उतरले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याने पण आणि तशीपण. बाबा खाली लाकडं बघत उभे होते. म्हणाले, "हे तर आपलंच काम. चॅसिस जुनी, बॉडी नवी." दापोडीला त्यांनी आयुष्यभर तेच केलं, चॅसिसवर बॉडी चढवायची.

मग टॉप थ्रिल २. २००३ मध्ये इथे टॉप थ्रिल ड्रॅगस्टर आला होता, ४२० फूट, ताशी १२० मैल, किंगडा काचा मोठा भाऊच, तसंच हायड्रॉलिक लाँच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ट्रेनचा एक धातूचा तुकडा उडून रांगेतल्या बाईंना लागला, फार गंभीर दुखापत. राइड बंद झाली ती त्या रूपात परत उघडलीच नाही. पण मनोरा ठेवला. हायड्रॉलिक काढून मॅग्नेटचं लाँच आणलं, मागे ४२० फुटांचा आणखी एक उभा ट्रॅक बांधला. आता ट्रेन आधी पुढे जाते ७४ मैलांनी, मनोऱ्यावर अर्धवट चढून परत येते, मग उलटी १०१ मैलांनी मागच्या ट्रॅकवर सरळ उभी, आणि तिसऱ्या झटक्यात १२० मैलांनी मनोऱ्यावरून पलीकडे. मे २०२४ ला उघडली आणि आठवड्याभरातच गाड्यांच्या दुरुस्तीसाठी बंद, अख्खा सीझन गेला, लोकांनी काय काय नाही म्हटलं. यंदा मे महिन्यात परत सुरू झाली. मी म्हणते जाऊ दे एक सीझन, राइड तर आहे ना उभी! जॅक्सनला पण हाच रस्ता होता.

मुलगा आणि मी दोघं बसलो. मागच्या ट्रॅकवर ट्रेन वर जाऊन थांबते त्या क्षणी तुम्ही तोंड खाली करून लटकलेले असता, पूर्ण शांतता, खाली पार्किंगमधल्या गाड्या आणि तलावाचं पाणी, माझ्या पुढच्या माणसाची टाचसुद्धा हलत नव्हती. मग पडायला लागतं. तिसऱ्या लाँचला मी काय ओरडले ते मुलाने सांगितलं नंतर, "आई गं" असं तीनदा.

बाबा बाहेर बाकावर. २०१९ सारखेच. मुलगा त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघं बराच वेळ नुसतं मोजत होते, कितव्या सेकंदाला कुठे. या वेळी चित्र मुलाने काढलं.

रात्री सीडर डाउन्स. १९२० च्या सुमाराचं रेसिंगचं करूसेल, घोडे खाचेतून पुढेमागे सरकतात म्हणून खरंच शर्यत लागते. हे पण क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड बीच पार्कातून इथे आणलेलं, ते पार्क कधीच गेलं, घोडे राहिले. बाबांचा घोडा तिसरा.

सहावा दिवस, शनिवार १२ जुलै

सकाळी गर्दी व्हायच्या आत मिलेनियम फोर्स, ३१० फूट, तिला यंदा २५ वर्षं झाली. पहाटेचं ऊन तलावावर आणि आम्ही पहिल्या सीटवर. मग नवीन सायरन्स कर्स, दोनच आठवड्यांपूर्वी सुरू झालेली. १६० फुटांवर ट्रॅक चक्क संपतो, ट्रेन टोकाला थांबते, आणि तो तुकडा ट्रेनसकट ९० अंशांत खाली वाकतो, खालच्या ट्रॅकला जुळतो, लॉक बसतो, मग सोडतात. बाबांनी खालून पंधरावीस वेळा तेवढंच बघितलं. राइड छोटी आहे पण चांगली, गुळगुळीत. नवीन काढू नका असं माझं म्हणणं कधीच नाही.

मॅग्नमच्या रांगेत टोलिडोचे एक आजोबा भेटले, १९८९ ला ती उघडली तेव्हापासून दरवर्षी बसतात म्हणाले. पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरांत २०० फुटांच्या वरची ही पहिली. मी विचारलं, प्रेसिडेंटचं पद काढल्याचं तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले आधीचे साहेब स्वतः मिडवेवर, म्हणजे पार्कातल्या मुख्य रस्त्यावर, चालताना दिसायचे, कचरा उचलताना बघितलंय मी. मला खोपोलीबद्दलचं बाबांचं वाक्य आठवलं, रोज जाऊन बघता येतं.

साडेअकराला निघालो. घर आठ तास. ओहायो टर्नपाइक, मग पेनसिल्व्हेनियाचे न संपणारे डोंगर. बाबा मागे झोपले होते. सहाच्या सुमाराला डॅनव्हिलची पाटी आली तेव्हा ते जागे होते, कारण मागून आवाज आला, "ते झाडातलं पार्क इथेच ना?" आणि मग शर्टाचा खिसा चाचपल्याचा आवाज.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी इंडिकेटर दिला.

शनिवारची गर्दी होती, पण फिनिक्सच्या दोन्ही ट्रेन चालू होत्या आणि रांग सरकत होती. अंधार पडता पडता नंबर लागला. मी बाहेरच थांबले, बाबांचा चष्मा आणि टोपी हातात धरून. दोघं सगळ्यात मागे बसले. बोगद्यात ट्रेन दिसेनाशी झाली, मग चेनची टक टक, आणि झाडांच्या वर दिव्यांमध्ये मला दोनच हात वर केलेले दिसले. त्यातला एक फुल बाह्यांच्या शर्टाचा.

उतरून परत रांगेत उभे राहिले. दुसऱ्या फेरीनंतर तीन तिकिटं उरली. बाबांनी ती घडी घालून परत खिशात ठेवली.